तुकड्यांचा नकाशा

मूल चित्राचे तुकडे जुळवीत बसले असता शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाने काय करावे? प्रश्न क्षुल्लक भासतो. परंतु मुलाची शिकण्याची गोडी टिकणे वा मावळणे पुष्कळदा त्याच्याच उत्तरावर अवलंबून असते.

ज्यास आपण 'जिगसॉ' म्हणतो, तो खेळ मुळात भूगोलाच्या अभ्यासासाठी निघाला. १७६० नंतरच्या दशकात लंडनचा नकाशे कोरणारा जॉन स्पिल्सबरी याने नकाशे पातळ फळ्यांवर डकविले आणि देशांच्या सीमांवरून ते करवतीने कापले.

शेवगावातील कोणत्याही घरी हे अल्प खर्चात साधण्यासारखे आहे. अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा नकाशा जाड पुठ्ठ्यावर खळीने चिकटवावा, वजनाखाली वाळवावा व तालुक्यांच्या सीमांवरून कापावा. तालुके १४, म्हणून तुकडेही १४. लहानग्यास आरंभी तीनच द्यावेत : आपले शेवगाव आणि त्यास लागून असलेले नेवासे व पाथर्डी. ते जुळले की एकेक वाढवीत थेट कळसूबाईच्या अकोल्यापर्यंत जावे. गोदावरी निळ्या रंगाने रेखावी, म्हणजे "नदीपलीकडे काय?" हा प्रश्न मूल आपण होऊन विचारील, आणि पैठणची व नाथसागराची गोष्ट निघेल.

आता वडिलधाऱ्यांविषयी. एकदा एक बालक पाथर्डीचा तुकडा उलटसुलट फिरवीत होते. माझा धीर सुटला व मी तो नेमका जागी बसविला. नकाशा पुरा झाला; बालक मात्र उठून गेले. माझ्या साह्याने त्याचा आनंद हिरावला होता.

मारिया माँटेसोरी यांच्या शिक्षणपद्धतीचे मर्म येथेच आहे. साधन असे असावे की चूक त्यानेच दाखवावी. न बसणारा तुकडा रागावत नाही, हसत नाही. तो फक्त बसत नाही. मग मूल पुन्हा पाहते, फिरविते, ताडून पाहते. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य करताना परिसरातील साध्या वस्तूंनाच साधनांचे स्थान दिले. तेव्हा महाग खेळण्याची वाण असण्याचे कारण नाही. वाण असते ती आपल्या धीराची.

मुलाने मागितल्यास "या कडेचा आकार बघ" एवढेच सुचवावे. शेवटचा तुकडा मात्र सर्वस्वी त्याच्याच हातचा असू द्यावा.