वेदनेचा पहारा

महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला ‘नारू’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पायावर फोड येई, त्याची आग आग होई आणि फोड फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोके बाहेर काढी. त्याला काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढणे हाच उपाय होता. त्यात कित्येक आठवडे जात. मध्येच जंत तुटला तर पाय सुजे, पू होई. ऐन पेरणीत घरातला कर्ता माणूस खाटेवर पडे. महाराष्ट्रासह देशातल्या सात राज्यांत हा रोग ठाण मांडून होता. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. नारूवर लस नव्हती आणि त्याला मारणारे खात्रीचे औषधही नव्हते. तो गेला तो पाण्याच्या शिस्तीमुळे.

या शिस्तीची एक जुनी कहाणी तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगररांगेत सापडते. आजच्या नामक्कल जिल्ह्यातले हे डोंगर सुमारे हजार ते तेराशे मीटर उंचीचे आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर जायला रस्ता नव्हता. हिवतापाच्या भीतीने सपाटीवरचे लोक तिथे मुक्काम करत नसत. मलयाळी नावाच्या आदिवासींची ही वस्ती. केरळच्या मलयाळींशी या नावाची गल्लत करू नये. १९१३ मध्ये लग्न करून जेसी आणि एव्हलिन ब्रँड हे इंग्रज मिशनरी जोडपे इथे राहायला आले. ते आले होते धर्मप्रसारासाठी. जेसी डॉक्टर नव्हते. लंडनच्या लिव्हिंग्स्टन कॉलेजात मिशनऱ्यांना उष्ण प्रदेशातल्या रोगांचे जुजबी शिक्षण मिळे, तेवढीच त्यांची शिदोरी होती.

पहिली काही वर्षे त्यांच्या धर्माकडे कोणी फिरकले नाही. दवाखान्यात मात्र लोक येत. दात काढणे, गळू फोडणे, ताप उतरवणे आणि नारू ओढणे ही रोजची कामे होती. जेसींनी शाळा काढल्या, सुतारकाम शिकवले, शेतीचे प्रयोग केले. १९१८-१९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, त्यांना आधी विरोध करणारा तिथला एक पुजारी आणि त्याची बायको आजारी पडली, तेव्हा भीतीने कोणी जवळ गेले नाही. ब्रँड दांपत्याने त्यांची शुश्रूषा केली. मरताना पुजाऱ्याने आपली मुले त्यांच्या हवाली केली. लोकांचा विश्वास बसायला सुरुवात झाली ती तिथून.

नारूचे चक्र समजून घेतले, तर जेसींनी काय साधले ते कळते. नारूची मादी साधारण वर्षभर माणसाच्या शरीरात वाढते. तिची लांबी ६० ते १०० सेंटिमीटर होते. मग ती बहुधा पायाच्या कातडीखाली येऊन फोड आणते. त्या जळजळीने माणूस पाय पाण्यात बुडवतो. गार पाणी लागताच मादी असंख्य अळ्या सोडते. पाण्यातले सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव या अळ्या खातात. ते पाणी कोणी प्यायले की चक्र पुन्हा सुरू होते. माणसाची वेदनाच इथे रोगाच्या कामी येते. पायऱ्यांची विहीर किंवा उघडे तळे असेल, तर पाणी भरणाऱ्याचा पाय पाण्यात पडणारच.

हे चक्र तोडायला मोठी यंत्रणा लागत नव्हती. जेसींनी दगडी कठड्याच्या विहिरी बांधायला सुरुवात केली. वरून पोहरा सोडायचा आणि पाणी ओढायचे, म्हणजे पायाचा पाण्याशी संबंधच उरत नाही. पाण्यात पाय घालू नका, पाणी कापडातून गाळून प्या, हे त्यांनी आणि एव्हलिन यांनी वाडी-वाडीत फिरून सांगितले. पुढे देशभरच्या मोहिमेत हेच उपाय वापरले गेले. त्यांच्या जोडीला पाण्यात टाकायचे औषध आणि हातपंप आले. १९८६ मध्ये जगात नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. अलीकडच्या वर्षांत ही संख्या वर्षाला वीसच्या आत आली आहे.

हिवतापाने मात्र जेसींना सोडले नाही. जून १९२९ मध्ये ‘ब्लॅकवॉटर फीव्हर’ने त्यांचा मृत्यू झाला. हिवतापाच्या या गंभीर अवस्थेत रक्तातल्या तांबड्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटतात, लघवी काळसर होते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. त्यांचे वय ४४ होते. शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलेला मुलगा पॉल तेव्हा १४ वर्षांचा होता. वडील गेल्याची तार आधी पोहोचली. त्यांनी बोटीने पाठवलेली पत्रे त्यानंतरही काही दिवस येत राहिली.

पॉल यांचा जन्म १९१४ चा. नऊ वर्षांचे होईपर्यंत ते या डोंगरांतच वाढले. त्या काळातली एक आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. एकदा कुष्ठरोगी दारात आले. एरवी कोणालाही उघड्या हातांनी तपासणाऱ्या वडिलांनी हातमोजे घातले, जखमा बांधल्या आणि मुलांना दूर ठेवले. कुष्ठाच्या भीतीतून हे सेवाभावी घरही सुटले नव्हते. हाच मुलगा पुढे शल्यविशारद झाला आणि १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला.

कुष्ठात बोटे आपोआप सडून गळतात, अशी तेव्हा डॉक्टरांचीही समजूत होती. पॉल ब्रँड यांनी रुग्णांचे हात बारकाईने पाहिले. वाकड्या, बधिर हाताच्या रुग्णाशी हस्तांदोलन केले तर पकड चांगली घट्ट लागे. म्हणजे कोपराखालचे बरेच स्नायू शाबूत होते. कुष्ठाचा जंतू शरीराच्या थंड भागांत, कातडीलगतच्या मज्जातंतूंना गाठतो. खोलवरचे तंतू वाचतात. मग शाबूत स्नायूची कंडरा वळवून लुळ्या बोटांना जोडली तर? १९४८ पासून त्यांनी अशा शस्त्रक्रिया केल्या आणि पंज्यासारखे आकसलेले हात पुन्हा भाकरी मोडू लागले. त्यांच्या पत्नी मार्गारेट नेत्रतज्ज्ञ होत्या. कुष्ठात पापणी मिटत नाही, बुबुळ कोरडे पडते आणि दृष्टी जाते. चावण्याच्या स्नायूची पट्टी पापणीला जोडली, की घास चावताना डोळा मिटे.

जखमा का होतात, या प्रश्नाचे उत्तरही असेच निरीक्षणातून मिळाले. एक गंजलेले कुलूप उघडेना, तेव्हा एका लहान मुलाने किल्ली जोर लावून फिरवली. कुलूप उघडले आणि त्याचे बोट हाडापर्यंत कापले. त्याला काहीच कळले नव्हते. कोणी तापलेले भांडे उचले, कोणी खिळा रुतलेल्या चपलेने दिवसभर चाले. काहींची बोटे तर रात्री झोपेत उंदीर कुरतडत. म्हणून घरी जाणाऱ्या रुग्णासोबत मांजर दिले जाऊ लागले. या जखमांना पुरेशी विश्रांती मिळाली, तर त्या इतरांच्या जखमांसारख्याच भरत. दोष मांसाचा नव्हता, शरीराचा पहारेकरीच गेला होता. नारूत जी वेदना माणसाला पाण्यात उतरवत होती, तीच नसल्यामुळे कुष्ठात बोटे जात होती.

एव्हलिन यांची गोष्ट पतीबरोबर संपली नाही. मिशनमधून निवृत्त झाल्यावर, सत्तरीला टेकलेल्या असताना, त्या पुन्हा डोंगरांत गेल्या. तट्टूवर बसून आणि उतारवयात काठ्यांच्या आधाराने त्या वाड्या-वस्त्या फिरल्या. नारूशी त्यांची लढाई चालूच राहिली. १९७४ मध्ये ९५ व्या वर्षी त्या गेल्या. कोल्ली डोंगरातच, पतीशेजारी त्यांची कबर आहे.

पॉल ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयात गेले. मधुमेहामुळे बधिर झालेल्या पायांची कहाणी तीच आहे, हे त्यांनी तिथे दाखवून दिले. पायावरचा दाब वाटून देणारे प्लास्टर आणि मऊ तळाची पादत्राणे ही वेल्लोरची शिकवण आता जगभर मधुमेहींचे पाय वाचवते.

कुष्ठ आज बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो आणि हे उपचार सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. तरी देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात. अंगावर बधिर, फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर तो लपवू नये. लवकर निदान झाले की हात, पाय आणि डोळे वाचतात.

मधुमेहींनी रोज रात्री दोन्ही पाय, तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा वापरावा किंवा घरच्यांना दाखवावे. घरातही अनवाणी फिरू नये. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा नाही ना ते पाहावे. पाण्याचा गरमपणा पायाने नव्हे, कोपराने तपासावा. कुरूप स्वतः ब्लेडने कापू नये. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्यावी. तळव्याला नायलॉनचा धागा टेकवून ही तपासणी काही मिनिटांत होते. पायाला जखम असेल आणि ती दुखत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.