विश्लेषण : पावसात वीज गेली, तर संगणकावरचे काम कसे वाचवायचे? कीबोर्डच्या कोणत्या कळा मदतीला येतात?

जूनच्या मध्यापासून मावळात दोन ठिकाणी एकाच वेळी गर्दी होते. एक भुशी धरणाच्या रस्त्यावर पर्यटकांची. दुसरी लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगावच्या सेवा केंद्रांच्या दारात, दाखल्यांसाठी आलेल्या विद्यार्थ्यांची आणि पालकांची. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर... प्रवेशाची मुदत जवळ आलेली असते आणि नेमका तेव्हाच घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो. वाऱ्याने फांदी तारेवर पडते, वीज जाते आणि अर्धा तास खपून भरलेला मजकूर नाहीसा होतो. याच लोणावळा आणि वळवण तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीत उतरवून १९१५ पासून मुंबईसाठी वीज तयार केली जाते. तरीही पावसाळ्यात वीज जाणे मावळाला नवे नाही. अशा वेळी कीबोर्डवरच्या चार-पाच कळा माहीत असल्या, तर बरेचसे काम वाचते.

वीज जाण्याआधी काय करावे?

पहिली सवय कंट्रोल-एस. मात्र नवी फाइल उघडून थेट लिहायला सुरुवात केली, तर ऐनवेळी कंट्रोल-एस दाबल्यावर संगणक आधी फाइलचे नाव विचारतो. त्यामुळे कोरी फाइल उघडल्याबरोबर तिला नाव देऊन टाकावे. नंतर प्रत्येक परिच्छेदाला किंवा प्रत्येक नोंदीला एकदा कंट्रोल-एस पुरते.

वर्ड आणि एक्सेलमध्ये अचानक बंद पडलेले काम परत मिळवण्याची सोय असते. पण ती मूळ रचनेत दर १० मिनिटांनी नोंद घेते. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या क्रमाने गेल्यास हा आकडा दोन मिनिटांवर आणता येतो. एकदाच करायचे काम आहे.

यूपीएस असेल, तर हाती काही मिनिटेच असतात. कित्येक दुकानांत संगणक यूपीएसला जोडलेला असतो, पण पडदा थेट भिंतीतल्या सॉकेटला. वीज गेली की पडदा काळा होतो. संगणक मात्र सुरूच असतो. चालू फाइलला नाव दिलेले असेल, तर अशा अंधारातही कंट्रोल-एस काम करते. पडदा सुरू असेल, तर विंडोज-डी दाबून सगळ्या खिडक्या बाजूला साराव्यात, मग ऑल्ट आणि एफ-४. संगणक बंद करण्याची चौकट समोर येते. एंटर दाबले की झाले.

ऑनलाइन अर्जालाही कंट्रोल-एस चालते का?

नाही, आणि इथेच अनेकांची फसगत होते. ब्राउझरमध्ये कंट्रोल-एस दाबले तर ते पान संगणकावर उतरते. अर्ज सरकारी संकेतस्थळावर जमा होत नाही. अर्जात ‘सेव्ह’ किंवा ‘मसुदा’ असे बटण असेल, तर तेच दाबावे लागते. पत्ता, व्यवसायाची माहिती, अर्जाचे कारण असा लांब मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहून, सेव्ह करून, मग अर्जात चिकटवणे सुरक्षित. मजकूर चिकटवताना अक्षरांचा आकार-रंगही सोबत येत असेल, तर ब्राउझरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबल्यास फक्त मजकूर येतो.

चुकून टॅब बंद झाला, तर कंट्रोल-शिफ्ट-टी. बंद केलेले पान पुन्हा उघडते. पान परत येते, पण त्यात भरलेली माहिती परत येईलच असे नाही.

माउस किंवा पडदा अडला तर?

एखादा प्रोग्राम गोठला की थेट बटण दाबून संगणक बंद करण्याची घाई होते. त्याआधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबावे. टास्क मॅनेजर उघडतो आणि अडलेला प्रोग्राम तेवढा बंद करता येतो. बाकीचे काम वाचते. पडदा गोठला किंवा काळा झाला, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबून पाहाव्यात. पडदा क्षणभर लुकलुकतो आणि चित्र दाखवणारी यंत्रणा नव्याने सुरू होते. उघड्या फाइल जागच्या जागी राहतात.

माउस बंद पडला, तर ऑल्ट-टॅबने एका खिडकीतून दुसरीत जाता येते, टॅबने अर्जातल्या एका चौकटीतून पुढच्या चौकटीत, आणि शिफ्ट-टॅबने मागच्या चौकटीत.

मराठी लिहिण्यासाठी काय?

विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडून घेतला की विंडोज आणि स्पेसबार या दोन कळांनी इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. नाव मराठीत, ई-मेल इंग्रजीत अशा अर्जांत ही जोडी सर्वांत जास्त वेळ वाचवते.

सरकारी मानक असलेल्या इनस्क्रिप्ट रचनेचा पाया केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये घातला. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ‘मावळ’ लिहायला सी, ई, बी आणि शिफ्ट-एन एवढ्या चार पायऱ्या लागतात. ‘दऱ्या’मधला ऱ शिफ्ट-जे वर असतो, मग डी वरचा हलन्त आणि तिरप्या रेघेच्या कळेवरचा य. ज्यांना ही रचना जमत नाही, त्यांच्यासाठी २०१९ पासून विंडोज-१० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्डही मिळतो. त्यात उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरे दाबायची.

दुकानदार, बंगलेवाल्यांना काय उपयोगी?

चिक्कीच्या दुकानाचा साठा असो वा भाड्याच्या बंगल्याचे बुकिंग, नोंदी बहुधा एक्सेलमध्येच असतात. तिथे कंट्रोल आणि अर्धविराम दाबला की आजची तारीख आपोआप पडते. आकड्यांच्या रकान्याखाली ऑल्ट आणि बरोबरचे चिन्ह दाबले की बेरजेचे सूत्र तयार होते. मग फक्त एंटर. ग्राहकांच्या ओळखपत्रांचे वीस फोटो असतील, तर सगळे निवडून एफ-२ दाबावे, एकच नाव द्यावे. विंडोज त्यापुढे क्रमांक घालत जाते. पैसे आल्याचा पुरावा किंवा चुकीचा संदेश दाखवायचा असेल, तर विंडोज-शिफ्ट-एस ने पडद्याचा हवा तेवढाच भाग टिपता येतो.

विंडोज-व्ही ही सोय की धोका?

कॉपी-पेस्टची कल्पना सत्तरच्या दशकात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्षात आणली. गावोगावच्या पाट्यांवर फोटोकॉपीला ज्या कंपनीचे नाव चिकटले, तीच ही कंपनी. त्यानंतर अनेक वर्षे संगणक शेवटची एकच कॉपी लक्षात ठेवत असे. २०१८ पासून विंडोज-व्ही दाबून हा इतिहास सुरू केला की शेवटच्या २५ गोष्टी हाताशी राहतात. एकच पत्ता चार अर्जांत टाकणाऱ्याला हे वरदान वाटते. संगणक बंद केल्यावर यादी पुसली जाते. पिन करून ठेवलेले मात्र टिकते.

पण जो संगणक दिवसभरात अनेकांची कामे करतो, त्याच्यावर त्या २५ ओळींत आधीच्या ग्राहकाचा आधार क्रमांक, बँक खाते, पासवर्डही असू शकतो. म्हणून सार्वजनिक संगणकावर हा इतिहास बंद ठेवावा किंवा प्रत्येक ग्राहकानंतर ‘क्लिअर ऑल’ करावे. खुर्ची सोडताना विंडोज-एल दाबून पडदा कुलूपबंद करावा.

ग्राहकाने काय पाहावे?

बहुतेकांची संगणकाशी गाठ अशा केंद्रातच पडते. काम संपल्यावर चालकाला चार गोष्टी करायला सांगण्यात संकोच नसावा. संकेतस्थळावरून लॉगआउट करणे. कंट्रोल-जे दाबून उतरवलेल्या फाइलची यादी पाहणे. आपली कागदपत्रे निवडून शिफ्ट-डिलीटने पुसणे, म्हणजे ती रिसायकल बिनमध्येही राहत नाहीत; मात्र आपली प्रत आधी घेतलेली असावी. आणि विंडोज-व्हीची यादी रिकामी करणे. हे सगळे मिळून एका मिनिटाचे काम आहे.

राहिला अर्जाचा क्रमांक. तो पडद्यावर दिसताक्षणी मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवावा. पुढच्या क्षणी वीज गेली, तरी तेवढा आपल्या खिशात असतो.