सूर्याचे ११ वर्षांचे चक्र आणि पृथ्वीचे हवामान ☀️

सूर्यावरील डागांची संख्या साधारण ११ वर्षांच्या चक्रात वाढते आणि घटते. या काळात पृथ्वीवर येणारी एकूण सौरऊर्जा जेमतेम ०.१ टक्क्याने बदलते. पुण्यात स्वारगेटच्या चौकात भर दुपारी उभ्या असलेल्या माणसाला हा फरक जाणवतही नाही. अतिनील किरणांतला बदल मात्र त्याहून बराच मोठा असतो. ओझोनच्या थरात हे किरण शोषले जातात आणि तिथले तापमान बदलते.

याच किरणांत सूर्याची छायाचित्रे टिपणारी ‘सूट’ दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेने इस्रोच्या सहकार्याने घडवली. २ सप्टेंबर २०२३ रोजी ती ‘आदित्य-एल१’ या यानातून झेपावली आणि आता पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे.

गेल्या चार दशकांत सूर्याची ऊर्जा वाढलेली नाही. पृथ्वीच्या तापमानवाढीचे मुख्य कारण माणसाने हवेत सोडलेले हरितगृह वायू हेच आहे.