चार नावे आणि एक शाल

जयंतीच्या निमित्ताने होणारे गुणगौरव सोहळे आम्हाला नवे नाहीत. अशाच एका सोहळ्यात नर्सिंग कॉलेजातून निवृत्त झालेल्या आमच्या एका भगिनीचा सत्कार झाला. पाहुण्यांची भाषणे तीन तास चालली. सत्कारमूर्तीच्या वाट्याला दोन मिनिटे आली. त्या दोन मिनिटांत बाईंनी स्वतःविषयी अवाक्षर काढले नाही. आपल्या हाताखाली शिकून आज स्वतः नर्सिंग शिकवणाऱ्या चार मुलींची नावे घेतली आणि त्या खाली बसल्या. टाळ्या मात्र पाहुण्यांच्या शेरोशायरीलाच जास्त पडल्या! शिक्षकाचा सन्मान नेमका कशासाठी करायचा असतो, हा प्रश्न घेऊन आम्ही घरी परतलो आणि आम्हाला एस्टेल मॅसी ऑस्बर्न आठवल्या.

चळवळीच्या वाचकांना हे नाव फारसे परिचित नाही. ते असायला हवे. १९०१ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात जन्मलेल्या या कृष्णवर्णीय मुलीने सेंट लुईस शहरात, कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढलेल्या सरकारी इस्पितळात नर्सिंगचे शिक्षण घेतले. पुढे रोझेनवाल्ड फंडाच्या शिष्यवृत्तीवर त्या न्यूयॉर्कला गेल्या. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्याच विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून १९३१ साली त्या एम.ए. झाल्या. पदव्युत्तर पदवी मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय नर्स. वेळेवर मिळालेली एक शिष्यवृत्ती काय करू शकते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

त्या काळी अमेरिकन नर्सेस असोसिएशन या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांत 'काळ्यांना मज्जाव' असे कुठेही लिहिलेले नव्हते. नियम एवढाच होता, की सभासदत्व राज्य शाखेमार्फत घ्यावे. आणि दक्षिणेकडील अनेक राज्य शाखा कृष्णवर्णीयांना उभेच करत नव्हत्या. आम्ही वकील मंडळी अशी कलमे रोज पाहतो. भेदभाव कागदावर दिसत नाही, दारात दिसतो. म्हणून कृष्णवर्णीय नर्सेसनी १९०८ सालीच आपली स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभारली होती. १८७९ साली नर्सिंगची पदविका घेणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला मेरी महोनी यांच्या नावाने १९३६ पासून तिने पुरस्कार सुरू केला. दुसऱ्यांनी गौरव करण्याची वाट पाहत बसायचे नाही, हा त्यामागचा बाणा होता.

१९३४ ते १९३९ या काळात ऑस्बर्न याच संघटनेच्या अध्यक्षा होत्या. १९४६ साली महोनी पुरस्कार त्यांना मिळाला. तो कोणत्या कामगिरीवर? महायुद्धाच्या काळात नर्सिंगच्या राष्ट्रीय मंडळावर सल्लागार म्हणून त्या शहरोशहरी फिरल्या, नर्सिंग शाळांच्या चालकांशी बोलल्या. दोन वर्षांत कृष्णवर्णीय मुलींना प्रवेश देणाऱ्या नर्सिंग शाळा १४ वरून ३८ झाल्या. आम्ही हा आकडा दोनदा वाचला. युद्धात नर्सेसचा तुटवडा होता, म्हणून दारे किलकिली झाली, असे कोणी म्हणेल. खरेही असेल. पण किलकिल्या दारात पाय घालायलाही माणूस लागतो.

युद्ध संपता संपता न्यूयॉर्क विद्यापीठाने त्यांना सहाय्यक प्राध्यापिका नेमले. त्या विद्यापीठातील त्या पहिल्या कृष्णवर्णीय प्राध्यापिका. पहिले असण्याचा अर्थ आम्हाला ठाऊक आहे. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झालेल्या बाबासाहेबांनी प्राध्यापकांच्या खोलीतील माठातले पाणी पिण्याला सहकाऱ्यांनीच हरकत घेतली होती.

१९४८ साली राष्ट्रीय संघटनेने राज्य शाखांना वळसा घालून कृष्णवर्णीयांना थेट सभासदत्व दिले आणि ऑस्बर्न तिच्या संचालक मंडळावर निवडून आल्या. मग १९५१ साली कृष्णवर्णीय नर्सेसनी आपली संघटना विसर्जित केली. आता वेगळ्या चुलीची गरज काय, असा तो विश्वास. महोनी पुरस्कारही राष्ट्रीय संघटनेच्या हाती गेला. त्या विश्वासाला आम्ही भाबडा म्हणणार नाही, चाळीस वर्षे लढून तो कमावलेला होता. पण वीस वर्षांनी, १९७१ साली, नॅशनल ब्लॅक नर्सेस असोसिएशन नव्याने स्थापन करावी लागली. आपल्याकडेही 'आता वेगळे मंच कशाला?' असे विचारणारे सुशिक्षित वाढले आहेत. त्यांनी या वीस वर्षांचा हिशेब मांडून पाहावा.

ऑस्बर्न १९८१ साली गेल्या. राष्ट्रीय संघटनेच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव लागले ते १९८४ साली.

आमच्या सत्कार समितीला आम्ही एक पत्र दिले आहे. पुढच्या जयंतीला त्या चार मुलींना व्यासपीठावर बोलवा, त्यांना अर्धा तास द्या, आणि आज नर्सिंगला शिकणाऱ्या वस्तीतल्या मुलींना पहिल्या रांगेत बसवा. शालीचा खर्च वाचला तर त्यातून एकीची परीक्षा फी भरता येईल. उत्तर अजून आलेले नाही.