शेणखताचा हिशेब माळरानापाशी जातो

सेंद्रिय शेतीची चर्चा आपल्याकडे जीवामृत, गांडूळखत आणि प्रमाणपत्र यांच्याभोवती फिरते. शेणखत येणार कुठून, हा प्रश्न मागेच राहतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे टनाला पाच किलो. एक गाय किंवा बैल दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देतो. वर्षाचे ते साडेतीन टन कुजल्यावर निम्म्यावर येते. एकराला चार-पाच टन खत घालायचे तर एकरामागे दोन-तीन जनावरे हवीत. २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. एवढ्या रानाला सात-आठ जनावरे लागतील आणि ती नुसत्या कडब्यावर पोसली जात नाहीत. त्यांचे पोट बांधावर, गायरानात आणि माळावर भरते. म्हणून माळ राखल्याशिवाय छोट्या शेतकऱ्याची सेंद्रिय शेती उभी राहणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

सरकारी दप्तरात मात्र याच माळाची गणना बहुतेक वेळा पडीक जमिनीत होते. पडीक म्हटले की तिथे सौर प्रकल्प येतो, वसाहत येते, नाही तर गिरिपुष्पाची लागवड होते. झाडे लावण्यात वाईट काय, असे कोणी विचारील. जिथे वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तिथे गवत हीच जमिनीची मूळ वनस्पती आहे. मारवेल, पवन्या, डोंगरी ही गवते उन्हात वाढतात, दाट सावलीत मरतात. त्यांच्या मुळांच्या जाळ्याने माती धरून ठेवलेली असते. खड्डे खणले की ती मोकळी होते. नान्नज अभयारण्यातला माळढोक पक्षी, काळवीट, लांडगा यांचे घरही हेच.

खरी अडचण चराईची आहे. मोकाट चराईने चांगली गवते आधी संपतात आणि कुसळी माजते. कुसळी कोवळी असताना जनावरे खातात; पुढे तिची कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत आणि तोंडात रुततात. यावर जुनी रीत आहे: माळाचे भाग पाडायचे, एक भाग गवत फुलोऱ्यात आले की कापायचा, दुसरा बी पडेपर्यंत राखायचा आणि पुढच्या वर्षी पाळी बदलायची. तीन एकरांतली जमीन गवताला सोडणे परवडत नाही, हे मान्य. पण बांध आणि मुरमाड कोपरा नांगरटीतून वगळता येतो. तिथे मारवेलाची ठोंबे लावली तर माती थांबते आणि चाराही मिळतो.

उत्पादन घटते, हा आक्षेप खोटा नाही. जगभरच्या तुलनांची सरासरी काढली तर सेंद्रिय पीक सुमारे वीस टक्क्यांनी कमी भरते. श्रीलंकेने २०२१मध्ये रासायनिक खते एकाएकी बंद केली, भाताचे उत्पादन कोसळले आणि काही महिन्यांत बंदी मागे घ्यावी लागली. त्या सरकारने खत थांबवले, पण त्याच्या जागी पुरेसे सेंद्रिय खत उभे केले नव्हते. इंग्लंडमधील रोथमस्टेडच्या शेतात मात्र १८४३पासून गहू घेतला जातो आणि तिथल्या शेणखताच्या वाफ्यांनी रासायनिक वाफ्यांची बरोबरी केली आहे. तिथे हेक्टरी पस्तीस टन खत पडते. म्हणजे अडचण पद्धतीत नाही, खताच्या पुरवठ्यात आहे; आणि तो पुरवठा माळ आणि गायरान टिकण्यावर अवलंबून आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना आखण्यास राज्यांना सांगितले आहे. आपल्या गावचे गायरान सातबाऱ्यावर किती आणि जागेवर किती, हे येत्या ग्रामसभेत विचारा.