नशेने वाढणारी शिक्षा, वयाने घटणारी शिक्षा

समजा, इंग्लंडमधल्या एका गावात एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा दारूच्या नशेत पोलीस कॉन्स्टेबलच्या अंगावर थुंकला, त्याला गुद्दा मारला. शुद्धीवर आल्यावर तो म्हणतो, "मी प्यायलेलो होतो." त्याला वाटतं, आपण सबब सांगतोय. न्यायालयात मात्र हे वाक्य त्याच्यावरच उलटतं. इंग्लंड आणि वेल्समधल्या शिक्षांचे निकष 'सेंटेन्सिंग कौन्सिल' ठरवते. या निकषांत नशेत गुन्हा करणं हा शिक्षा वाढवणारा घटक आहे. आणि तिथेच थोडं खाली, शिक्षा कमी करणाऱ्या घटकांमध्ये, वय आणि अपरिपक्वता यांची नोंद आहे. एकाच रात्रीचा एकच गुद्दा, पण एक कारण शिक्षा वर खेचतं आणि दुसरं खाली.

मला याचं खरं नवल वाटतं ते मेंदूमुळे. स्वतःला आवरणं, परिणामांचा विचार करणं ही कामं मुख्यतः कपाळामागच्या भागाकडे असतात, आणि हा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. दारू नेमकी याच भागाचं काम मंदावते. म्हणजे प्यायलेल्या तरुणाच्या डोक्यात लगाम आधीच अर्धवट विणलेला, आणि त्यातही ढिला पडलेला. शरीराच्या हिशेबाने दोन्ही उणिवा एकाच जागच्या. कायदा मात्र एकीला माफी देतो आणि दुसरीला दंड करतो, कारण वय कुणी निवडत नाही, पेला निवडावा लागतो.

हा पेच किती जुना आहे ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास लेस्बॉस बेटावरच्या मिटिलिनी नगरात पिटाकसची सत्ता होती. ग्रीकांच्या सात शहाण्यांपैकी तो एक. शुद्धीत केलेल्या अपराधापेक्षा नशेत केलेल्या अपराधाला जास्त दंड, असा कायदा त्याने केला. पुढे ॲरिस्टॉटलने त्यावर लिहिलं, की प्यायलेल्या माणसाला थोडी सवलत द्यावी असं म्हणता येईल, पण पिटाकसने समाजाचं हित पाहिलं. दांडगाई करणारे बहुतेक प्यायलेलेच असतात! अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद आजही जसाच्या तसा न्यायालयात ऐकू येईल.

आधुनिक इंग्लंडने याचं उत्तर ज्या खटल्यात दिलं, त्यातही मार खाणारे पोलीस होतेच. १९७३ साली एसेक्समधल्या बॅसिल्डन इथल्या पबमध्ये मारामारी झाली आणि आलेल्या पोलिसांवरही हल्ला झाला. आरोपी मॅजेव्स्कीच्या पोटात दारू आणि भरपूर गोळ्या होत्या. काही आठवतच नाही, असं तो म्हणाला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. १९७६ मध्ये निर्णय आला, की स्वतःहून केलेली नशा हा अशा हल्ल्याच्या आरोपाला बचाव होऊ शकत नाही. आपल्याकडे १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम ८५ आणि ८६ याच वळणाची होती: दुसऱ्याने नकळत किंवा बळजबरीने पाजली असेल तरच बचाव. २०२३च्या भारतीय न्याय संहितेत ती २३ आणि २४ या क्रमांकांनी कायम आहेत.

पोलीस, अग्निशामक, तुरुंग कर्मचारी, रुग्णसेवेतली माणसं यांच्यावरच्या हल्ल्यांसाठी ब्रिटिश संसदेने २०१८ मध्ये वेगळा कायदा केला. साध्या मारहाणीला एरवी जास्तीत जास्त सहा महिने कैद. इथे आधी बारा महिने ठेवली आणि २०२२ मध्ये ती दोन वर्षं झाली. मला हे योग्य वाटतं. लोक मारामारी पाहून मागे सरकतात तेव्हा कॉन्स्टेबलला पुढे जावंच लागतं.

आरोपी अठराच्या आतला असेल तर चित्र आणखी बदलतं. पंधरा ते सतरा वर्षांच्या मुलाला कैद द्यायचीच झाली, तर ती प्रौढाच्या शिक्षेच्या साधारण निम्मी ते दोन तृतीयांश असावी असं निकष सुचवतात, आणि कैद हा शेवटचा उपाय मानतात. पहिल्यांदाच न्यायालयात आलेल्या, गुन्हा कबूल केलेल्या मुलाला बहुधा एका समितीपुढे पाठवतात. तिथे झगा घातलेलं कुणी नसतं. परिसरातले किमान दोन स्वयंसेवक आणि किशोरांसाठी काम करणाऱ्या पथकातलं एक जण मुलाशी बोलून लेखी करार करतात. ज्याला इजा झाली त्यालाही तिथे येता येतं. ज्याच्या अंगावर आपण थुंकलो त्या माणसासमोर शुद्धीत बसणं सोपं नाही, आणि म्हणूनच ते मोलाचं आहे.

अठरा पूर्ण झाल्यावर आणखी एक साधन न्यायालयाच्या हाती येतं, आणि ते विलक्षण आहे. घोट्याला बांधलेला एक पट्टा दर अर्ध्या तासाने घाम तपासतो. प्यायलेल्या दारूपैकी साधारण एक टक्का त्वचेवाटे बाहेर पडते. तिची वाफ पट्ट्यातल्या छोट्या विद्युतघटापाशी पोचते, तिथे तिचं ऑक्सिडीकरण होतं आणि त्यातून अतिसूक्ष्म वीज निर्माण होते. ती वीज म्हणजेच पुरावा. हाताला लावलेलं सॅनिटायझर किंवा अत्तर एकदम उसळी मारतं आणि पटकन ओसरतं. पोटात गेलेली दारू हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. आलेखाच्या चढ-उतारावरूनच फरक कळतो. पट्टा आणि कातडी यांच्यामध्ये काही सरकवलं तर तेही पट्ट्याच्या लक्षात येतं.

वेल्समध्ये २०२० आणि इंग्लंडमध्ये २०२१पासून न्यायालय अशी सक्तीची दारूबंदी जास्तीत जास्त १२० दिवस घालू शकतं. सरकारी आकडेवारीप्रमाणे पट्टा बांधलेल्या दिवसांपैकी सत्त्याण्णव टक्क्यांहून जास्त दिवस लोक दारूला शिवलेले नाहीत. पण ज्यांना दारूचं व्यसनच जडलं आहे त्यांना हा पट्टा बांधत नाहीत, कारण दारू एकाएकी तोडली तर त्यांच्या जिवावर बेतू शकतं. त्यांच्यासाठी उपचाराचा वेगळा आदेश असतो.