नऊशे साठ संगणक आणि आरशाचं तळं

एकच संगणक घ्या. उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला, त्या ऑगस्ट १९८२ च्या मध्याला तो सुरू करा आणि एका सिनेमाची चित्रं काढायला बसवा. चित्रं १,४१,९६४. एकेका चित्राला सरासरी दीड तास. लोडशेडिंग नाही, जेवणाची सुट्टी नाही. तर तो शेवटचं चित्र संपवून उठेल कधी? कॅलक्युलेटरवर दोनदा करून पाहिलं. नोव्हेंबर २००६ च्या अखेरीस. म्हणजे चोवीस वर्षं आणि साडेतीन महिने. त्या ऑगस्टात जन्मलेलं पोरगं तोवर बी.ए. होऊन, दोन भरत्यांत नापास होऊन तिसरीच्या तयारीला लागलं असतं.

सिनेमाचं नाव ‘फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन’, साल २००१, दिग्दर्शक हिरोनोबू साकागुची. प्रत्यक्षात होनोलुलूमध्ये ९६० संगणक एकदम जुंपले होते, त्यामुळे हा हिशेब नुसत्या भागाकाराने सव्वानऊ दिवसांवर येतो. पण सिनेमा असा भागाकाराने होत नसतो. दोनेकशे माणसं, चार वर्षं. सगळ्यांचे कष्ट जोडले तर १२० वर्षांचं काम भरलं. नायिकेच्या डोक्यावर ६०,००० केस, आणि त्यातला प्रत्येक केस वेगळा हलणारा! खर्च १३ कोटी ७० लाख डॉलर. त्याच वर्षीच्या ‘लगान’चा खर्च पंचवीसेक कोटी रुपये धरला, तर एवढ्या पैशात पंचवीस भुवन पंचवीस मॅचेस खेळले असते. जगभरातून परत आले साडेआठ कोटी डॉलर. सिनेमा काढणाऱ्या स्क्वेअर कंपनीला हा फटका जड गेला, २००३ मध्ये ती एनिक्समध्ये विलीन झाली आणि साकागुची बाहेर पडले.

बाहेर पडून त्यांनी २००४ मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला, मिस्टवॉकर. त्याचा पहिला मोठा गेम ‘ब्लू ड्रॅगन’ जपानात आला ७ डिसेंबर २००६ ला. आपला लातूरचा काल्पनिक संगणक नोव्हेंबरअखेर उठला, आठवडा गेला, आणि हा गेम दुकानात. हा निव्वळ योगायोग, माझ्या कॅलक्युलेटरवरचा. पण मला तो भारी आवडला.

जपानी रोल-प्लेइंग गेम ज्यांनी खेळले नाहीत त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की तो खेळ कमी आणि पारायण जास्त. चारपाच जणांची टोळी, लांबच लांब गोष्ट, पावलोपावली लढाया, आणि प्रत्येक लढाईनंतर पात्रं थोडी थोडी तयार होत जातात. साकागुचींचा पहिला ‘फायनल फँटसी’ १९८७ चा. त्याची अख्खी दुनिया २५६ केबीच्या कार्ट्रिजमध्ये मावली होती. नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळी येणारा गुलाबाच्या फुलाचा एखादा फोटो तेवढा भरतो. वीस वर्षांनी, २००७ च्या डिसेंबरात, मिस्टवॉकरचा ‘लॉस्ट ओडिसी’ आला तो चार डीव्हीडींवर. ‘ब्लू ड्रॅगन’ तीनवर होता. चार डीव्हीडी म्हणजे त्या पहिल्या कार्ट्रिजच्या लाखाच्या वर पट. फुलांचे लाखभर फोटो! ग्रुपवाले काका-मावशी मिळूनसुद्धा तेवढे पाठवायला काही वर्षं घेतील.

जीबीचं मोजमाप मात्र मला पटत नाही. चित्रफितींनीच डिस्का भरतात. खरं माप तासांचं, आणि तासांचं माप आमच्याकडे रेल्वे. ‘द लास्ट स्टोरी’ (२०११, निन्टेंडो वी) वीस-पंचवीस तासांत संपतो, म्हणजे लातूर-मुंबई रात्रीची गाडी, जाऊन-येऊन. ‘लॉस्ट ओडिसी’ चाळीसच्या आसपास, म्हणजे नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने अमृतसर गाठायचं आणि वर स्टेशनबाहेर चहा. २०२१ चा ‘फँटेशियन’ निवांत खेळला तर अमृतसर जाऊन पुन्हा नांदेड. फोनवरचा ‘टेरा बॅटल’ (२०१४) या वेळापत्रकात बसतच नाही. डिस्क कपाटात तरी पडून राहते. त्याची सेवा २०२० मध्ये बंद झाली आणि गाडी रुळांसकट गेली.

माझा भाचा लातूरला ट्यूशन एरियात दोन वर्षं काढून आलाय, त्याला आकड्यांचा वीट आहे. “मामा, गोष्ट कशी आहे ते सांगा की. मोजायलाव कशाला?”

गोष्टीचंच म्हणत असशील तर ‘लॉस्ट ओडिसी’. त्याचा नायक काइम एक हजार वर्षं जगलेला आहे, मरत नाही, आणि त्यातलं बहुतेक विसरलाय. वाटेत एखादा वास, एखादं मूल दिसलं की जुनी आठवण उघडते. ती आठवण म्हणजे पडद्यावर संथ उमटणारी अक्षरं आणि मागे संगीत. लढाई नाही, बटणांची दाबादाबी नाही. अशा तिसाच्या वर कथा. लिहिल्या कियोशी शिगेमात्सु या नामवंत कादंबरीकाराने, इंग्रजीत आणल्या मुराकामींचे अनुवादक जे रूबिन यांनी. कोट्यवधींच्या यंत्रावर माणसाला नुसतं वाचत बसवायचं, ही हिंमत मला त्या ६०,००० केसांपेक्षा मोठी वाटते.

हजार वर्षं हा आकडा तसा कळत नाही. म्हणून काइमला इकडे आणून ठेवला. गेमच्या सालातून हजार वजा केले, जन्म १००७. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवत, आणि लट्टलूर म्हणजे आपलं लातूर असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण ते ९७३ लाच संपलेले. पोरगं वाढलं कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात. मग यादव. मग दिल्लीवाले, बहामनी, बरीदशाही आणि निजामशाही, मोगल. ७०१ वर्षांचा असताना, १७०८ मध्ये, गुरू गोविंदसिंगजींचं नांदेडला महानिर्वाण झालं. १७२४ पासून आसफजाही निजाम. वयाच्या ९४१ व्या वर्षी, १७ सप्टेंबर १९४८ ला, हैदराबाद मुक्त. ९४९ व्या वर्षी द्वैभाषिक मुंबई राज्य, ९५३ व्या वर्षी महाराष्ट्र. माणूस मराठवाड्यातल्या कंधारच्या एकाच ओट्यावर बसून राहिला असता तरी त्याची सरकारं डझनभर बदलली असती, आणि प्रत्येकाने नव्याने सातबारा मागितला असता. विसरला नाही तर करेल काय?

तरीही डोकं गरगरलं ते ‘फँटेशियन’ने. एके काळी ९६० संगणक जुंपणाऱ्या माणसाने या गेमची गावं, गुहा, वाळवंटं हाताने बांधून घेतली. दीडशेच्या वर देखावे. जपानी सिनेमातली छोटी शहरं बांधणारे कारागीर बसले. लाकूड, रंग, माती, इवली घरं, इवल्या गंजक्या नळ्या. मग प्रत्येक देखाव्याचे चहूबाजूंनी फोटो, त्या फोटोंवरून संगणकात त्याची त्रिमितीय प्रत, आणि त्या प्रतीत चालणारी पात्रं. फोनच्या काचेत अंगठ्याएवढा दिसणारा डोंगर कुठल्यातरी टेबलावर खरोखर उभा होता.

दीडशे देखावे म्हणजे किती, हे मला आमच्या घरात कळतं. मराठवाड्यात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, त्यांच्यापुढे आरास असते. आई आठवडा आधी टोपल्यात गहू पेरते, ते शेत. विटा आणि गोणपाट, तो डोंगर. रंगवलेल्या भुश्शाचा रस्ता, त्यावर प्लास्टिकच्या गायी, आणि मधोमध दाढीचा गोल आरसा, ते तळं. वर्षाला एक आरास. दीडशे करायच्या तर २०२१ पासून मागे १८७१ गाठावं लागेल, तेव्हा नांदेडला रेल्वेही नव्हती. सहा-सात पिढ्यांच्या सुनांचं काम साकागुचींच्या माणसांनी एका गेमसाठी उरकलं.

मागच्या महालक्ष्म्यांना भाच्याने हेच करून पाहिलं. सोळा भाज्यांचं ताट बाजूला सारून तो आरासीभोवती गुडघ्यांवर रांगला आणि फोनने २१२ फोटो काढले. पुरणपोळ्या होईपर्यंत ॲपने ते जुळवले. एकाच ठिपक्याला वेगवेगळ्या फोटोंत ओळखून त्याची जागा ठरवायची, अशी ती रीत. गहू जरा चिकटल्यासारखे आले, गोणपाटाचा डोंगर झकास, गायी ओळखू आल्या. आईला चष्मा लावून दाखवलं. तिने बोटाने डोंगर फिरवला, पुन्हा फिरवला.

“तळं कुठं गेलं रे?”

तळ्याच्या जागी काळं भोक होतं. आरशाच्या काचेवर स्वतःचा असा ठिपकाच नसतो, दिसतं ते प्रतिबिंब, आणि ते फोटोगणिक सरकतं, म्हणून ॲपने ती जागा सोडून दिली होती. भाचा हे समजावून सांगत होता. आई तोवर देवघरात जाऊन चमकीचा निळा कागद शोधायला लागली होती.